काठावरची बेरीज

श्रीरंगने पडदा तिच्याकडे वळवला आणि प्रगतिपुस्तक दाखवणाऱ्या मुलासारखा हाताची घडी घालून उभा राहिला.

"बघ. मंगळवारपासून शून्य. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, ताई. डोंगर गाढ झोपलाय."

सुनेत्राने चष्मा नीट बसवला. पडद्यावर काळदरा डोंगराच्या उताराचं चित्र होतं. उतारावर वरपासून खालपर्यंत नागमोडी गेलेली एक पिवळी रेघ होती, तीच जमिनीत पुरलेली काचेची तार. चित्राखाली हिरव्या आकड्यात मोठं शून्य होतं, आणि त्याच्याशेजारी गेल्या तीन दिवसांचा आलेख. तो आलेख म्हणजे पट्टीने आखल्यासारखी सरळ आडवी रेघ होती.

"अगदी शून्य?" तिने विचारलं.

"अगदी. घासूनपुसून."

"एरवी काय असतं?"

"एरवी काही ना काही चालूच असतं. अगं, ढेबेमामा रोज शेळ्या घेऊन तारेवरून चढतो ना, त्याचेसुद्धा आलेखात दाते उमटायचे. मी इथं बसल्या बसल्या सांगायचो, आज मामाला उशीर झाला म्हणून. हल्ली पलीकडच्या अंगाला जात असेल. तीन दिवस शेळ्या दिसल्या नाहीत." तो हसला. "चहा सांगू?"

सुनेत्राला चहा नको होता. ती त्या आडव्या रेघेकडे बघत होती.

"आणि मंगळवारच्या आधी, रंगा?"

"आधीचे दोन महिने कुरकुर वाढली होती, हे खरं. दुसरा पंपसंच बसवला, त्याची थरथर असणार. मागच्या आठवड्यात तर पिवळ्या दिव्याच्या तोंडाशी आला होता. मलाही झोप नव्हती. मग मंगळवारी दुपारी एकदम गप्प. म्हटलं, बसला बाबा एकदाचा."

सुनेत्रा डांगे सकाळीच पुण्याहून आली होती, भाचीच्या डोहाळजेवणाला. पण वाघझरीत पाऊल टाकल्याबरोबर भावाने तिला घरी न नेता आधी या खोलीत आणलं होतं. या खोलीला गावात सगळे 'कान' म्हणत. श्रीरंग त्या कानाचा प्रमुख होता.

वाघझरीची वसाहत वरच्या तळ्याच्या काठावर, काळदऱ्याच्या पायथ्याशी होती. दिवसभर माळरानांवरच्या सौरपट्ट्यांतून वीज ओसंडत असे. त्या विजेवर दरीतलं पाणी उपसून वरच्या तळ्यात भरायचं, आणि दिवेलागणीला सूर्य गेला की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. अर्ध्या राज्यातले संध्याकाळचे दिवे या पाण्यावर लागत.

अडचण एवढीच, की काळदऱ्याचा पाय तळ्यात होता. तळं भरलं की पाणी डोंगराच्या भेगांत शिरे. संध्याकाळी तळं झपाट्याने उतरे, पण भेगांतलं पाणी तितक्या झपाट्याने बाहेर पडत नसे. डोंगर आतून भिजलेला, जड, आणि समोरून टेकू देणारं पाणी मात्र गेलेलं. धोक्याची वेळ ती. म्हणून उतारावर तार पुरली होती. तारेतून प्रकाशाचे ठोके सोडायचे. दगड तसूभर सरकला तरी तार ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. उतारावरच्या एका पेटीतलं यंत्र तो बदल मोजायचं आणि त्याचा आकडा या खोलीत पाठवायचं. आकडा वाढला की घराघरांतला हिरवा दिवा पिवळा व्हायचा, मग तांबडा. तांबड्याला भोंगा वाजायचा आणि पाण्याचे दरवाजे आपोआप अडायचे.

"पेटीतून जी मूळ बेरीज येते, ती दाखव मला," सुनेत्रा म्हणाली.

"तिचं काय करायचंय? पडद्यावर फरक दिसतोच की."

"दाखव ना."

त्याने दोन-तीन कळा दाबल्या. आकड्यांचा एक रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत एकच आकडा पुन्हा पुन्हा आला होता: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

माणसाला आपल्या घरचा फोन नंबर पाठ असतो, तसा हा आकडा सुनेत्राला पाठ होता. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"रंगा, डोंगर झोपलेला नाही. तुझी पेटी भरलीय."

*

तिची सगळी हयात आकड्यांच्या या काठावर गेली होती. 'सांगड' नावाची संगणकाची भाषा होती. देशभरातली लहानसहान यंत्रं, लिफ्टपासून सलाइनच्या पंपापर्यंत, आता त्याच भाषेत चालत. भाषेबरोबर एक तयार सामानाचं कोठार मिळतं: बेरीज कशी करायची, यादी कशी लावायची, वेळ कशी मोजायची. प्रत्येकाने ते पुन्हा लिहायला नको म्हणून. त्या कोठारातला अंकांचा कप्पा सुनेत्राकडे होता.

"आपल्या साताऱ्याच्या घरातला विजेचा मीटर आठवतो?" ती म्हणाली. "काळी चाकं होती, पाच घरं. महिन्याचं बिल कसं काढायचे? या महिन्याचा आकडा वजा मागच्या महिन्याचा."

"हां."

"तुझी पेटी तेच करते. दर मिनिटाची हालचाल पाठवत नाही, सुरुवातीपासूनची एकूण बेरीज पाठवते. मधला एखादा निरोप हरवला तरी बेरजेत सगळं शिल्लक असतं. शहाणपणाचंच आहे ते. इथला पडदा नव्या बेरजेतून जुनी वजा करतो."

"ते मला माहीत आहे, ताई."

"पण घरं किती? मीटरला पाच होती. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे काय?"

"पुन्हा शून्यापासून."

"तो एक मार्ग. आकडा भरला की फिरायचं. दुसरा मार्ग, यंत्राने तिथेच थांबायचं आणि सांगायचं की मला पुढे मोजता येत नाही. आणि तिसरा, काठावर बसून राहायचं. भरलेल्या हंड्यासारखं. वरून कितीही ओता, हंडा भरलेलाच. आमच्या कोठारात पूर्वी थांबायचा नियम होता. मग एका इस्पितळातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, पेशंटसकट. कसला तरी फालतू आकडा भरला होता. सगळीकडून ओरड झाली. आम्ही बसून विचार केला. फिरणारा आकडा फसवतो, थांबणारा माणसं अडकवतो. काठावर बसणारा कुणालाच त्रास देत नाही. सगळ्यांनी मान्य केलं, मीही. तेव्हापासून सांगडमधली बेरीज काठावर बसते."

श्रीरंग पडद्याकडे बघत होता.

"मीटर काठावर अडकला तर बिल किती येईल, रंगा?"

त्याने आकड्यांचा रकाना पुन्हा वरपर्यंत सरकवून बघितला.

"शून्य," तीच म्हणाली. "घरातले सगळे दिवे, पंखे, गिझर लावून ठेव. बिल शून्य. आणि हा आकडा साठ वर्षं भरणार नाही या हिशेबाने पेटी बनवली होती. सहा वर्षांत भरली. उरलेलं या दोन महिन्यांत ओतलं गेलं. मंगळवारी दुपारी डोंगर गप्प झाला नाही. मंगळवारी दुपारी तो आपल्याला ऐकू येईनासा झाला."

बाहेर कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. समाजमंदिरात तयारी चालली होती, लाउडस्पीकरवर 'हॅलो, हॅलो' चाललं होतं.

"किंवा," श्रीरंग सावकाश म्हणाला, "डोंगर खरंच गप्प आहे आणि बेरीज वाढायला कारणच नाही."

"नेमका याच आकड्यावर? पेटीत मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे हा."

"कुठल्या तरी आकड्यावर थांबणारच ना! तुला तो आकडा ओळखीचा म्हणून तुला त्यात भूत दिसतंय." तो हसायचा प्रयत्न करत होता, पण मान लाल झाली होती. "ताई, तू एकटी राहतेस, दिवसभर हेच डोक्यात. मी गेल्या वर्षी दोनदा भोंगा वाजवला. दोन्ही वेळा खोटा. दुसऱ्या खेपेला पावसात पळताना जाधवांच्या अक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर माझ्या हातातला भोंगा काढून घेतला. पिवळा दिवा लागायची मर्यादा वर नेली. आता पेटी सांगेल तेव्हाच वाजायचा."

"म्हणून तर म्हणते..."

"गाव खाली हलवायचं ठरलं होतं. मी घरोघर फिरलो, हिरवा दिवा आहे तोवर निर्धास्त राहा म्हणालो. माझ्या बहिणीची बेरीज आहे त्यात, असंही सांगितलं. लोक माझ्या शब्दावर राहिले. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"पाणी तरी अडव. आजच्या दिवस."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग रागारागाने फोन उचलला आणि आवाज मोठा केला. भारनियंत्रण केंद्रातला माणूस सभ्य होता.

"साहेब, तुमचा पडदा मलाही दिसतो. शून्य आहे. कुठल्याच तळ्यावर इतकं छान शून्य नाही. शून्यावर पाणी अडवलं तर मी कारण काय लिहू?"

"माझी बहीण..." श्रीरंग म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य कसं वाटेल ते त्याचं त्यालाच कळलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. ठेवतो."

त्याने फोन ठेवला. "झालं समाधान? जा आता. केतकी वाट बघतेय. आणि तिथे हे बोलू नकोस. मी तुझ्या पाया पडतो."

*

समाजमंदिर उताराला टेकूनच होतं. मागच्या खिडक्यांत काळदरा उभा भरून दिसायचा. आत झोपाळा झेंडूने मढवला होता आणि झोपाळ्यावर केतकी बसली होती, हिरवा शालू, हिरव्या बांगड्या, दंडावर आणि कपाळावर फुलांची वाडी. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, हिरवा दिवा होता.

"आत्या! किती उशीर! अप्पांनी तुला आधी तिकडे नेलं ना? नवस केल्यासारखं प्रत्येकाला ते शून्य दाखवत सुटलेत."

सुनेत्रा तिच्याजवळ बसली. केतकीने तिचा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली.

"सकाळपासून धिंगाणा चाललाय," केतकी म्हणाली. "तुझा हात गार का गं पडलाय?"

"केतकी, चल ना जरा बाहेर. शाळेच्या मैदानावर जाऊ. फोटो काढू सगळ्याजणी."

"तू आणि फोटो?" केतकी खळखळून हसली. "आई, ऐकलंस का? आत्याला फोटो काढायचेत!"

वत्सलावहिनी ताटं मांडत होत्या. त्यांनी नणंदेच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवून जवळ आल्या.

"काय झालं, वन्सं?"

सुनेत्राला खोटं कधी जमलं नव्हतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "दिव्यावर विश्वास ठेवू नका, वहिनी. बायकांना इथून न्या. काहीही कारण सांगा. दिवेलागणीच्या आधी."

"दिवा हिरवा आहे की."

"म्हणूनच."

वत्सलावहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आजच्या दिवशी असलं अभद्र तोंडातून काढू नका. पोरगी सातव्यात आहे. तुम्हाला समजत नाही हे मी समजू शकते, पण..." त्यांनी ओठ मिटले. जे बोलल्या नाहीत तेही सुनेत्राला नीट ऐकू आलं. त्या वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "चला गं, वाट्या आणा! बर्फी की पेढा, होऊन जाऊ दे!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. दोन वाट्या झाकून आणल्या गेल्या. कुणीतरी गाणं उचललं.

खिडकीतून येणारं ऊन पिवळं झालं होतं. तळं काठोकाठ भरलं होतं आणि त्यात डोंगर उलटा दिसत होता. अजून थोड्या वेळाने सूर्य कड्याआड जाईल, दरवाजे उघडतील, पाणी उतरू लागेल. या सगळ्या बायका इथे बसून वाट्यांची झाकणं उघडत असतील. आपण उभं राहून किंचाळावं असं सुनेत्राला वाटलं. पण किंचाळून तरी काय? सगळ्याजणी आधी दिव्याकडे बघतील.

तेवढ्यात तिला घंटा ऐकू आल्या.

बारीक, विस्कळीत. ती मागच्या खिडकीशी गेली. उतारावर, तारेच्या खुणेसाठी रोवलेल्या पिवळ्या दगडांच्या ओळीतून, ढेबेमामांच्या शेळ्या उतरत होत्या. एकीमागून एक, उड्या मारत, दगड गडगडवत, नेमक्या तारेवरून.

तिने श्रीरंगला फोन लावला.

"पडद्यावर काय आहे?"

"ताई, पुन्हा..."

"काय आहे पडद्यावर?"

"शून्य."

"समाजमंदिराच्या मागे ये," असं म्हणून तिने फोन बंद केला.

स्वयंपाकघराच्या दाराशी नारळ सोलायचा कोयता पडला होता. सुनेत्राने तो उचलला. तिने आयुष्यात कधी कोयता हातात धरला नव्हता. वाटला होता त्याहून तो जड होता. मागच्या अंगणात तार जमिनीतून वर येऊन एका लोखंडी नळीत शिरत होती; पेटीचे निरोपही याच तारेतून खोलीपर्यंत जात. सांध्यापाशी हातभर तार उघडी होती, काळ्या वेष्टणात, बोटाएवढी जाड. तिने कोयता उगारला. पहिला घाव नळीवर बसला. ठिणगी उडाली.

"ताई!"

श्रीरंग धावत आला. त्याने तिच्या आणि तारेच्या मध्ये स्वतःला घातलं. "वेड लागलंय का तुला? तार तुटली तर..."

"तर काय होईल, सांग."

"निरोप बंद होईल. तांबडा लागेल, भोंगा..." तो थबकला.

"निरोप आला नाही तर तांबडा. तो जुना नियम अजून शाबूत आहे. नुसतं गप्प बसलं तर यंत्र घाबरतं. शून्य सांगितलं तर घाबरत नाही."

"आणि उद्या डोंगर जागच्या जागी असला तर? तिसरा खोटा भोंगा, ताई. तोही आपणच तार तोडून वाजवलेला. माझी नोकरी जाईल ते जाऊ दे. पण यानंतर इथे एक माणूस पळणार नाही. खरा वाजला तरी पळणार नाही."

"मघाशी तू पडदा बघून काय म्हणालास मला?"

"काय म्हणालो?"

"तीन दिवस शेळ्या दिसल्या नाहीत म्हणालास. मागे बघ, रंगा."

तो वळला. शेळ्या आता अगदी जवळ आल्या होत्या. एक करडं पिवळ्या दगडावर चढून खाली उडी मारत होतं, पुन्हा चढत होतं. मागे ढेबेमामा काठी टेकत येत होते. त्यांनी हात वर केला.

"काय साहेब! पोरीचं जेवान ना आज?"

"मामा," श्रीरंगचा आवाज चिरकला, "तुम्ही काल कुठून आलात? परवा?"

"कुठून म्हंजी? हितनंच की. रोज हितनंच."

श्रीरंग तसाच उभा राहिला. सुनेत्राने भावाचा चेहरा पन्नास वर्षं पाहिला होता. लहानपणी विहिरीत डोकावताना त्याचा पाय सटकला होता आणि तिने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं होतं; तेव्हा जो चेहरा झाला होता, तो तिला आता पुन्हा दिसला.

त्याने तिच्या हातातून कोयता घेतला. सहा वर्षं त्याने या तारेला उंदीर लागू दिला नव्हता. त्याने एकाच घावात ती तोडली.

*

आत केतकीने नुकतंच वाटीवरचं झाकण उचललं होतं. बर्फी होती. बायका "लेक, लेक!" म्हणून ओरडल्या आणि त्याच क्षणी तिच्या हिरव्या बांगड्यांवर तांबडा उजेड पडला.

भोंगा इतका जवळून वाजला की कुणाला काही सुचेना. मग जुन्या सवयीने पाय हलले. पहिल्यांदा कुणी खरं मानलंच नाही. "आलं मेलं पुन्हा," म्हणून एक बाई चपला शोधत बसली. एकीने भात उतरवायला हवा म्हणून आत धाव घेतली. श्रीरंगने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तो दारादारावर लाथा मारत फिरला, जाधवांच्या अक्कांना त्याने पाठुंगळी घेतलं. सुनेत्राने केतकीचा हात धरला आणि त्या तळ्याला वळसा घालून चालू लागल्या. सातव्या महिन्यातली पोर, शालू वर खोचून, फुलं गळत, अर्धी धावत, अर्धी चालत. मागे ढेबेमामांच्या शेळ्या.

पलीकडच्या टेकाडावर, शाळेच्या मैदानात, सगळे जमले. सूर्य कड्याआड गेला. दरवाजे उघडले नाहीत. तांबड्याने ते अडवले होते, पण मंगळवारपासूनच्या तीन संध्याकाळी पाणी उतरून चुकलं होतं. तळं तसंच भरलेलं, काचेसारखं. काळदरा तसाच उभा होता.

वेळ जाऊ लागला तशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी आलं, तार तोडलेली पाहून आलं. तोडलेली? कुणी तोडली? माना वळल्या. श्रीरंग मैदानाच्या टोकाला एकटाच उभा होता, कोयता अजून हातात. त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. वत्सलावहिनी सुनेत्राकडे बघतही नव्हत्या.

"भात करपला असेल," एकजण म्हणाली.

"मी जाऊन येते, गॅस बंद करून."

"कुणी जायचं नाही!" श्रीरंग ओरडला.

"तुम्ही कोण सांगणार आता?" एका माणसाने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टाही नव्हती. तो निघाला. त्याच्यामागे आणखी दोघे.

सुनेत्रा डोंगराकडे बघत होती. डोंगर पडला नाही तर तिचा भाऊ या गावातून उठणार होता. पडला तर ही सगळी घरं जाणार होती. आणि आपल्या मनात खोल कुठेतरी 'पड, लवकर पड, ते तिघे वळणापर्यंत जायच्या आत पड' असं चाललं आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिला डोंगरापेक्षा स्वतःची जास्त भीती वाटली.

आधी आवाज आला नाही. आधी झाडं हलली. उताराच्या मध्यावरची सागाची रांग सगळीच्या सगळी एका बाजूला झुकली, वारा नसताना. मग तिच्याखालची जमीन, कुणी चादर ओढावी तशी, सुरकुतली. रस्त्यावरचे तिघे थांबले. मग धावत परत फिरले.

आवाज त्यानंतर आला. तो कानांनी ऐकायचा नव्हताच, तो पायांतून वर चढला. काळदऱ्याचा अर्धा पदर सुटला, समाजमंदिरावरून, झेंडूच्या झोपाळ्यावरून, घरांच्या दोन ओळींवरून तळ्यात उतरला. पाणी उठलं, पलीकडच्या धरणाच्या भिंतीवर आपटलं, तुषार टेकाडापर्यंत आले. भिंत टिकली. धुळीत काही दिसेना. फक्त एक शेळी ओरडत होती.

केतकीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते. वत्सलावहिनी सुनेत्राजवळ आल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत राहिल्या. "वन्सं," एवढंच त्या म्हणत होत्या. "वन्सं."

श्रीरंग खाली बसला होता. सुनेत्रा त्याच्याशेजारी बसली.

"मी मंगळवारपासून झोपलो होतो, ताई," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी पहिल्यांदा. त्या शून्याकडे बघून इतकी सुखाची झोप लागली होती मला."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तिचा हात तिथेच थांबला. भारनियंत्रणातल्या त्या सभ्य माणसाचं वाक्य तिला आठवलं. कुठल्याच तळ्यावर इतकं छान शून्य नाही. आज नसेल. पण दुसरे पंपसंच या काही महिन्यांत सगळ्याच तळ्यांवर बसले होते. पेट्या सगळीकडे याच होत्या, बेरीज सगळीकडे तिचीच.

"रंगा, शेजारच्या कानाचा नंबर दे. तार आहे अशा सगळ्यांचे दे."

पहिला फोन लगेच उचलला गेला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज प्रसन्न. वाघझरीचं अजून तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"नमस्कार मॅडम! आमच्याकडे ना? एकदम छान आहे. महिनाभर नुसता वैताग होता, पण आज संध्याकाळपासून शून्य आहे. दरवाजे उघडलेत आत्ताच."

सुनेत्राने डोळे मिटले. घाईघाईत एवढं सगळं सांगायला गेलं तर ही मुलगी पडद्याकडेच बघणार, हे तिला आता माहीत होतं.

"बाळ, एक काम करशील? तुझ्या खिडकीतून उतार दिसतो?"

"हो, दिसतो की."

"तारेवर आत्ता काही चालतंय का बघ. माणूस, जनावर, काहीही."

खुर्ची किरकिरली. "एक ट्रॅक्टर चाललाय, मॅडम. ऊस भरून. आमच्या तारेवरूनच जातो तो रस्ता."

"आता पडद्यावर बघ."

ट्रॅक्टरची घरघर फोनमधून सुनेत्रालाही ऐकू येत होती. मग खुर्ची उलटून पडल्याचा आवाज आला, आणि पळत जाणारी पावलं.